पहिला नंबर कुणाचा? स्की रिसॉर्टांच्या क्रमवारीमागचं गणित

उत्तर गोलार्धात हिवाळा तोंडावर आला, की स्कीच्या जगात याद्यांचं पीक येतं. 'जगातली सर्वोत्तम स्की रिसॉर्ट्स', 'यंदाची अव्वल दहा', 'कुटुंबासाठी पहिली पाच'. कुठल्या यादीत फ्रान्समधलं व्हाल थोराँस पहिलं, कुठल्या यादीत कॅनडातलं व्हिस्लर, तर कुठल्या यादीत अमेरिकेतलं डिअर व्हॅली. मग एका यादीचे पाठीराखे दुसरीच्या पाठीराख्यांवर तुटून पडतात आणि हे भांडण हंगाम संपेपर्यंत चालतं. बाहेरून बघणाऱ्याला पडणारा प्रश्न साधा असतो. डोंगराची उंची मोजता येते, बर्फ मोजता येतो, तिकिटाची किंमत छापलेली असते. मग पहिला नंबर ठरवायला अडचण कसली?

अडचण आहे, आणि ती वरवरची नाही. यादीत भरलेले आकडे बऱ्याचदा ताणलेले असतात, हे एक झालं. पण समजा ते सगळे चोख मिळाले, तरी वाद मिटत नाही. कशाला गुण म्हणायचं आणि कशाला दोष, यावरच स्की करणाऱ्यांचं एकमत नाही.

## आधी डोंगर समजून घेऊ

स्की रिसॉर्ट म्हणजे बर्फाळ डोंगरावरून घसरत उतरण्यासाठी तयार केलेलं क्षेत्र आणि त्याच्या आसपासची वस्ती. उतरायला गुरुत्वाकर्षण पुरेसं असतं. वर जायला यंत्र लागतं. त्या यंत्राला लिफ्ट म्हणतात, मग ती तारेवरून सरकणारी खुर्ची असो, बंद डब्यांचा गोंडोला असो किंवा शंभर माणसं एका खेपेत नेणारी केबल कार. पहिली खुर्चीची लिफ्ट 1936 साली अमेरिकेतल्या सन व्हॅलीत सुरू झाली. ती कल्पना युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता जेम्स करन याची. जहाजात केळ्यांचे घड चढवणारी तारेवरची आकड्यांची यंत्रणा त्याला ठाऊक होती. त्याने घडाच्या जागी माणूस बसवला. आजच्या कोट्यवधींच्या लिफ्टांचं मूळ केळ्यांत आहे, हे मला फार आवडतं.

आणखी दोन शब्द लागतील. यंत्राने बर्फ दाबून, सारखा करून, कडेला खुणेचे खांब रोवून आखलेला उतरणीचा मार्ग म्हणजे पिस्ट. आणि नुकताच पडलेला, कोरडा, हलका, कुणी न तुडवलेला बर्फ म्हणजे पावडर. बहुतेक भांडणं या दोन शब्दांभोवतीच फिरतात.

युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यातला एक फरकही इथेच सांगतो, कारण तो माहीत नसेल तर पुढचं काहीच नीट लागत नाही. युरोपात रिसॉर्टची जबाबदारी साधारणपणे पिस्टपुरती असते. खांबांच्या पलीकडे गेलात तर हिमस्खलनाचा धोका तुमचा तुम्ही ओळखायचा. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टची हद्द आखलेली असते आणि हद्दीतला जेवढा भाग खुला असेल, मग तो झाडीतला असो की कड्याखालचा, तेवढ्याची काळजी स्की पेट्रोल, म्हणजे डोंगरावरचं गस्तीपथक, घेतं. हे लोक पहाटे डोंगरावर जातात, धोकादायक उतारांवर स्फोट घडवून सैल बर्फ मुद्दाम पाडून टाकतात आणि मगच वाट अडवणाऱ्या दोऱ्या काढतात. त्यामुळे युरोपातली रिसॉर्ट्स आपला आकार पिस्टच्या किलोमीटरमध्ये सांगतात आणि अमेरिकेतली एकरांमध्ये.

## मोठं कोण, हे तरी मोजता येईल ना?

फ्रान्समधल्या 'त्र्वा व्हाले'त, म्हणजे कूर्शव्हेल, मेरिबेल आणि व्हाल थोराँस यांच्या जोडलेल्या पसाऱ्यात, 600 किलोमीटर पिस्ट असल्याचं सांगितलं जातं. व्हिस्लर ब्लॅककोम 8,171 एकर सांगतं, म्हणजे सुमारे 33 चौरस किलोमीटर. यातलं मोठं कोणतं? एक लांबी आहे, दुसरं क्षेत्रफळ. शिवाय एकरांत झाडी येते, खडक येतात, कुणी कधी फिरकत नाही अशा घळी येतात. किलोमीटरांत यातलं काही येत नाही, पण पिस्टशेजारचा मैलोन्‌मैल मोकळा उतारही येत नाही, जो चांगल्या स्की करणाऱ्यांसाठी खरी मेजवानी असतो.

बरं, निदान युरोपातल्या किलोमीटरांची तरी आपापसांत तुलना व्हावी! 2013 साली जर्मनीतले सल्लागार क्रिस्टोफ श्राहे यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे पिस्टची लांबी स्वतः मोजून काढली, आणि बरीच रिसॉर्ट्स फुगवून सांगत असल्याचं दिसलं. स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिएभोवतीच्या 'कात्र व्हाले'ची जाहीर लांबी 412 किलोमीटर होती; श्राहेंच्या मोजणीत ती 164 भरली. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. पिस्टच्या मधून जाणारी रेघ मोजायची, की स्की करणारा नागमोडी वळणं घेत जेवढं अंतर कापतो तेवढं? रुंद उतार एक धरायचा की दोन? एकच सर्वमान्य नियम नसला की प्रत्येक जण आपल्या सोयीचा नियम लावतो.

आणि कागदावरचं क्षेत्र म्हणजे खुलं क्षेत्र नव्हे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं पार्क सिटी 7,300 एकरांचं आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या रिसॉर्टांपैकी एक. 27 डिसेंबर 2024 ला, ऐन सुट्टीच्या गर्दीत, तिथलं स्की पेट्रोल पगारवाढीसाठी संपावर गेलं. संप जवळपास दोन आठवडे चालला. स्फोट करून उतार सुरक्षित करणारी माणसंच पुरेशी नाहीत म्हटल्यावर डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि उघड्या लिफ्टांपुढे रांगा वाढल्या. त्या आठवड्यात तिथे गेलेल्या माणसाला 7,300 या आकड्याचा उपयोग शून्य होता. मला विचाराल, तर क्रमवारीत सर्वांत आधी काढून टाकावा असा निकष म्हणजे आकार. आठवड्याभराच्या मुक्कामात माणूस किती उतार पालथे घालणार?

उतारांच्या रंगांचीही तीच गत. उत्तर अमेरिकेत सोपा उतार हिरव्या वर्तुळाने दाखवतात, मधला निळ्या चौकोनाने, अवघड पत्त्यांतल्या चौकटीसारख्या काळ्या खुणेने. युरोपात निळा आणि काळा यांच्यामध्ये लाल येतो. पण कुठल्या उताराला कोणता रंग द्यायचा, हे ते रिसॉर्ट आपल्याच इतर उतारांकडे बघून ठरवतं. बुटक्या टेकडीवरचा काळा उतार मोठ्या डोंगरावर निळ्यात जमा होऊ शकतो. 'इथला 40 टक्के भाग तज्ज्ञांसाठी' या वाक्यावरून दोन रिसॉर्ट्स ताडून बघणं म्हणजे म्हणूनच वेळेचा अपव्यय.

## बर्फ तर मोजपट्टीने मोजतात, त्यात काय गोंधळ?

इथे मजा आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधले जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्ट्स रोज जाहीर करत असलेल्या ताज्या बर्फाच्या नोंदी तपासल्या. शनिवार-रविवारी जाहीर होणारा बर्फ इतर दिवसांपेक्षा सुमारे 23 टक्के जास्त निघाला. ढगांना सुट्टीचा दिवस कळत नाही. तिकीटविक्री करणाऱ्यांना कळतो. आसपासच्या हवामान केंद्रांच्या आकड्यांत अशी उसळी नव्हती. पुढे 2009 मध्ये एक मोबाइल अॅप आलं, ज्यावर उतारावर उभा असलेला माणूसच 'इथे प्रत्यक्षात किती बर्फ आहे' ते लिहू लागला. त्यानंतर हे फुगवणं झपाट्याने कमी झालं, विशेषतः जिथे मोबाइलला रेंज होती तिथे. इंच मोजताना मोजपट्टीची चूक नव्हती, हे त्यावरून पुरेसं स्पष्ट व्हावं.

कुणी फुगवलं नाही असं धरलं, तरी बर्फ कुठे मोजला हा प्रश्न उरतोच. शिखराजवळ मोजला तर आकडा मोठा, पायथ्याशी मोजला तर लहान. व्हिस्लरचा पायथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 675 मीटरवर आहे आणि पॅसिफिक महासागर जवळ. वर बर्फ पडत असताना खाली पाऊस, हे तिथे नवलाचं नाही.

त्याहून महत्त्वाचा असतो बर्फाचा पोत. एका हंगामातल्या सर्वाधिक हिमवृष्टीचा विक्रम वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरच्या नावावर आहे. 1998-99 मध्ये तिथे 1,140 इंच, म्हणजे जवळजवळ 29 मीटर बर्फ पडला. नुसत्या इंचांवर क्रमवारी लावायची तर बेकर कायम वर दिसायला हवं. दिसत नाही. एक कारण असं, की समुद्राजवळचा बर्फ ओला आणि जड असतो. कॅलिफोर्नियातल्या तशा बर्फाला तिथले लोक 'सिएरा सिमेंट' म्हणतात, यावरून कल्पना यावी. यूटातल्या अल्टाच्या बर्फात सरासरीने आकारमानाच्या मानाने पाणी फारच कमी, साधारण साडेआठ टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे सर्वांत कोरडा बर्फ तोच सर्वांत चांगला असंही नाही. फार हलका बर्फ पायाखाली आधार देत नाही. यूटात अनेकदा वादळ सुरू होताना जरा जड बर्फ पडतो आणि ओसरताना हलका. खाली घट्ट थर, वर पिसासारखा. स्की त्या वरच्या थरावर तरंगते. हा थरांचा क्रम यादीतल्या कुठल्याही रकान्यात बसत नाही, आणि अल्टाचं नाव निघताच लोकांचे डोळे का चमकतात त्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

(यूटाने आपल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'ग्रेटेस्ट स्नो ऑन अर्थ', म्हणजे 'पृथ्वीवरचा सर्वांत महान बर्फ', असं ब्रीद छापलं, तेव्हा आपल्या 'ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' या घोषवाक्याशी फारच मिळतंजुळतं झालं म्हणून रिंगलिंग ब्रदर्स सर्कसने राज्यावर खटला भरला. सर्कस हरली.)

## उंचीचं काय?

डोंगराचं शिखर किती उंच आहे त्यापेक्षा लिफ्टने वर जाऊन सलग किती उंची उतरता येते, याला स्कीवाले जास्त किंमत देतात. व्हिस्लर ब्लॅककोमला हा फरक साधारण 1,600 मीटर आहे, वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन होलला 1,262 मीटर. जपानच्या होक्काइदो बेटावरचं निसेको इथे मार खातं. त्याचा डोंगर मुळातच 1,308 मीटरचा, त्यामुळे उतार हजार मीटरच्या आतच संपतो. पण सायबेरियावरून निघालेले थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प घेतात आणि पहिल्याच डोंगरांवर रिकामे होतात. निसेकोत हंगामात सरासरी 15 मीटरच्या घरात बर्फ पडतो, तोही भुसभुशीत, आणि दिवसाआड नव्याने. उंचीच्या यादीत तळाला असलेलं गाव पावडरच्या यादीत शेंड्यावर.

उलट टोकाला गुलमर्ग. तिथला गोंडोला 3,900 मीटरच्या पुढे नेतो. आल्प्समध्ये फार थोड्या लिफ्ट त्या उंचीच्या जवळपास जातात. तिथला नैसर्गिक, न दाबलेला उतार अफाट आहे. पण आखलेल्या पिस्ट मोजायला बसलात, तर गुलमर्ग युरोपातल्या कुठल्याही मध्यम गावापुढे हरेल.

उंच गाव म्हणजे बर्फाची हमी, हा युक्तिवाद व्हाल थोराँसचे चाहते नेहमी करतात, आणि तो बरोबर आहे. गावच 2,300 मीटरवर वसलेलं आहे, युरोपातलं सर्वांत उंच रिसॉर्ट. खालच्या गावांत मार्चमध्ये चिखल झाला असताना इथे पिस्ट पांढऱ्या असतात. पण त्या उंचीवर झाडं नाहीत. बर्फ पडत असताना आकाश, हवा आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होते. पुढचा उंचवटा दिसत नाही, खड्डाही दिसत नाही, आपण सरकतोय की थांबलोय हेही कधीकधी कळत नाही. झाडीतल्या उतारावर काळे बुंधे नजरेला आधार देतात. म्हणजे निरभ्र एप्रिलमध्ये व्हाल थोराँस पुढे, जानेवारीतल्या वादळात झाडीतलं निसेको पुढे. यादीला मात्र तारीख नसते.

## समजा सगळे आकडे खरे मिळाले. मग?

मग भारांकाचा प्रश्न येतो. भारांक म्हणजे एकूण गुणांत कुठल्या निकषाचा वाटा किती. शाळेच्या गुणपत्रिकेत गणिताला 100 आणि चित्रकलेला 25 गुण ठेवले की वर्गात पहिला एक येतो. आकडे उलटे केले की दुसराच. पोरं तीच, पेपर तेच.

करूनच बघू. क, ख, ग अशी तीन काल्पनिक रिसॉर्ट्स घ्या. बर्फ, उतार आणि सोयी यांना दहापैकी गुण द्या. क ला बर्फाचे 9, उतारांचे 8, सोयींचे 4. ख ला अनुक्रमे 6, 7 आणि 9. ग ला 7, 9 आणि 6.

बर्फाला 50 टक्के भारांक, उतारांना 30 आणि सोयींना 20 दिले, तर क ला 7.7 मिळतात, ग ला 7.4, ख ला 6.9. पहिला क. आता सोयींना 50 आणि बर्फाला 20 करा, उतार तिथेच ठेवा. ख 7.8, ग 7.1, क 6.2. पहिला ख, आणि मघाचा विजेता थेट तळाला. उतारांना 60 द्या, बाकी दोघांना वीस-वीस. ग 8, क 7.4, ख 7.2. पहिला ग. एकही गुण न बदलता तिघेही आळीपाळीने जगात सर्वोत्तम ठरले.

बहुतेक याद्या भारांक छापत नाहीत. ज्या छापतात त्या ते असेच का निवडले हे सांगत नाहीत. आणि सगळ्यांना समान भारांक देणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. पायथ्याच्या हॉटेलांची सोय आणि बर्फाचा दर्जा सारख्याच मोलाचे आहेत, असं ते ठाम मत झालं.

## गुण की दोष?

इथपर्यंतचं एखाद्या हुशार संख्याशास्त्रज्ञाला सोडवता येईल असं वाटू शकतं. पुढचं नाही.

अल्टामध्ये स्नोबोर्डला, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून घसरण्याला, बंदी आहे. अमेरिकेत अशी बंदी असलेली फक्त तीन रिसॉर्ट्स उरली आहेत: अल्टा, डिअर व्हॅली आणि व्हर्मॉन्टमधलं मॅड रिव्हर ग्लेन. 2014 मध्ये काही स्नोबोर्डवाले अल्टाविरुद्ध न्यायालयात गेले. 2016 मध्ये अपील न्यायालयाने अल्टाच्या बाजूने निकाल दिला. आता सांगा, या बंदीचे गुण द्यायचे की कापायचे? स्नोबोर्डवाल्याच्या लेखी अल्टाचा नंबर शेवटून पहिला, कारण तिथे त्याला पाऊलच टाकता येत नाही. आणि अल्टाला दर वर्षी परतणाऱ्या कित्येक जुन्या स्कीवाल्यांना ही बंदी हेच अल्टाचं वैभव वाटतं.

मॅड रिव्हर ग्लेनची कथा तर यादी करणाऱ्यांनी फ्रेम करून लावावी. तिथे 1948 ची एक लिफ्ट आहे जिच्या खुर्चीत एकच माणूस बसतो. रिसॉर्ट 1995 पासून सहकारी तत्त्वावर चालतं, म्हणजे तिथे स्की करणारेच भागधारक. लिफ्ट जुनी झाली, बदलायची वेळ आली. दोन किंवा चार माणसांची वेगवान लिफ्ट बसवली असती तर रांग लवकर सरली असती. पण तासाला जास्त माणसं वर पोचली, की तितकीच माणसं उतारावर येणार, आणि अरुंद, झाडीतून जाणाऱ्या उतारांवरचा बर्फ दुपारपर्यंत खरवडला जाणार. भागधारकांनी खर्च करून 2007 मध्ये तीच एकेरी लिफ्ट नव्याने उभी केली, एकेरीच ठेवून. लिफ्टची क्षमता या रकान्यात याबद्दल मॅड रिव्हर ग्लेनला कुठलीही यादी शून्याच्या जवळ गुण देईल. मालकांच्या मते तेच त्यांचं सर्वांत मोठं यश आहे.

म्हणजे लिफ्ट वेगवान असणं चांगलं की वाईट, हेसुद्धा सांगता येत नाही. भव्य हॉटेलं, गावातली रात्रीची धमाल, गुळगुळीत दाबलेल्या पिस्ट, एकामागून एक जोडलेली गावं, प्रत्येक गोष्टीचं हेच. कुणाला ती हवी असते म्हणून तो येतो. कुणाला ती नको असते म्हणून तो दुसरीकडे जातो. भारांक कमी-जास्त करून हा पेच सुटत नाही. इथे प्रश्न अधिक की उणे याचाच आहे.

## पण हजारो वाचकांनी दिलेली मतं खोटी कशी असतील?

खोटी नसतात. एकाच प्रकारच्या लोकांची असतात. अमेरिकेतल्या वाचकपसंतीच्या जुन्या क्रमवारीत डिअर व्हॅली अनेक वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिलं. ते ठिकाण उत्तमच आहे: दिवसाला किती तिकिटं विकायची त्यावर मर्यादा, पिस्ट इस्त्री केल्यासारख्या, गाडी थांबताच तुमच्या स्की उतरवून घ्यायला माणसं उभी. पण तिथे जातो कोण? ज्याला हे सगळं हवं आहे आणि परवडतं, तोच. त्याला तिथे आवडतं आणि तो भरभरून गुण देतो. कड्यांवरून उड्या मारणारा तरुण डिअर व्हॅलीला जातच नाही, म्हणून नावडतीचं मत पेटीत पडतच नाही. शिवाय मत देणाऱ्याने फार तर मोजकी रिसॉर्ट्स पाहिलेली असतात. न पाहिलेल्याशी तुलना तो कशी करणार? 2013 पासून दिल्या जाणाऱ्या जागतिक स्की पुरस्कारांतही मतदान चालतं, आणि आम्हाला मत द्या असं आवाहन रिसॉर्ट्सच करत असतात. व्हाल थोराँस तिथे वारंवार जिंकलं आहे. चांगलं आहे म्हणून, आणि प्रचार नेटाने करतं म्हणूनही.

अगदी आदर्श मतदान घेतलं तरी एक गाठ उरते. फ्रेंच विचारवंत कॉन्दोर्से याने ती 1785 मध्येच दाखवून दिली होती. तीन मैत्रिणी घ्या. पहिलीचा पसंतीक्रम निसेको, जॅक्सन होल, व्हाल थोराँस. दुसरीचा जॅक्सन होल, व्हाल थोराँस, निसेको. तिसरीचा व्हाल थोराँस, निसेको, जॅक्सन होल. आता दोन-दोन ठिकाणांची लढत लावा. निसेको विरुद्ध जॅक्सन होल: पहिली आणि तिसरी निसेकोच्या बाजूने, निसेको जिंकलं. जॅक्सन होल विरुद्ध व्हाल थोराँस: पहिली आणि दुसरी जॅक्सन होलच्या बाजूने. मग निसेकोने व्हाल थोराँसला सहज हरवायला हवं, नाही का? पण दुसरी आणि तिसरी दोघींनाही निसेकोपेक्षा व्हाल थोराँस बरं वाटतं. प्रत्येकीचं मत सरळ, सुसंगत. तिघींचं मिळून मात्र गोल फिरत राहतं. मतपेटीत काहीच काळंबेरं नसताना पहिला नंबर अस्तित्वातच नसू शकतो.

## मग तज्ज्ञांनाच ठरवू द्या

तज्ज्ञाने जास्त डोंगर पाहिलेले असतात, हा फायदा खरा. पण तो अनेकदा रिसॉर्टच्या पाहुणचारावर गेलेला असतो आणि सामान्य माणसाच्या वाट्याला येणारा दिवस त्याला दिसतच नाही. सुट्टीतल्या शनिवारची लिफ्टची रांग, पार्किंगसाठी पहाटे पाचला निघणं, भाड्याच्या बुटांच्या दुकानातली झुंबड, यातलं काही त्याच्या अनुभवात नसतं. त्याचं स्की करणंही तुमच्यासारखं नसतं. जॅक्सन होलला कॉर्बेट्स कुलवार नावाची खडकांमधली अरुंद घळ आहे, जिच्यात उतरायचं तर वरच्या काठावरून उडीच मारावी लागते. तिच्या नावाने जॅक्सन होलला वर चढवणारे लेख पुष्कळ. ती उडी मारणारे वाचक किती असतील?

## पैशांनी हे सगळं बदललं का?

बरंच. 2008 मध्ये वेल रिसॉर्ट्स या कंपनीने एपिक पास आणला: एकदाच पैसे भरा, हंगामभर कंपनीच्या सगळ्या डोंगरांवर फिरा. 2018 मध्ये प्रतिस्पर्धी आयकॉन पास आला. दरम्यान वेल कंपनीने 2014 मध्ये पार्क सिटी आणि 2016 मध्ये व्हिस्लरही घेतलं. पास आगाऊ विकला जावा म्हणून खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट महाग ठेवलं गेलं. कंपनीच्या वेल याच नावाच्या रिसॉर्टला ऐन गर्दीच्या दिवशी ते 300 डॉलरच्या पुढे गेलं आहे. तेवढ्यात त्र्वा व्हालेचं एका दिवसाचं तिकीट तीनदा निघेल, ते अजून 100 युरोच्या आत आहे.

याचा क्रमवारीवर परिणाम असा, की एकाच ठिकाणाची किंमत दोन माणसांसाठी वेगवेगळी झाली. पासधारकाला वेल स्वस्त पडतं, कारण हंगामात तो कितीही दिवस जाऊ शकतो. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला तेच ठिकाण लुबाडणारं वाटतं. 'पैशाचा मोबदला' या रकान्यात दोघांचे गुण बेरजेत घेऊन सरासरी काढली, तर जो आकडा येईल तो दोघांपैकी कुणाचाच नसेल. आणि पास खिशात असलेला माणूस मत देताना स्वतःच्या पासातल्या डोंगरांबद्दलच बोलणार, हे वेगळं सांगायला नको.

## म्हणजे याद्या बघायच्याच नाहीत?

बघायच्या, पण नंबर झाकून. यादीत एकूण गुणांशेजारी निकषवार गुण दिले असतील तर ते रकाने कामाचे असतात; तुमच्या दृष्टीने फालतू असलेले रकाने खोडा आणि उरलेल्यांवरून क्रम स्वतः लावा. एखाद्या ठिकाणाला दिलेली दूषणं स्तुतीपेक्षा नीट वाचा. 'इथे संध्याकाळी करण्यासारखं काही नाही' ही तक्रार लहान मुलं घेऊन जाणाऱ्याला शिफारस वाटू शकते.

आणि जे यादीत सहसा नसतं ते शोधा. तुम्ही जाणार त्या महिन्यात, एका थोर वर्षाऐवजी गेल्या बऱ्याच वर्षांत, डोंगराचा किती भाग खुला होता? उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत का? उत्तर गोलार्धात अशा उतारांवर ऊन कमी लागतं आणि बर्फ टिकतो. बर्फ कमी पडला तर कृत्रिम बर्फ करायची सोय किती उतारांवर आहे, आणि तेवढी थंडी तिथे पडते का? हवेतला ओलावा हिशेबात धरून तापमान साधारण उणे अडीच अंशांखाली गेल्याशिवाय ती यंत्रं नीट चालत नाहीत. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या शर्यती जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाल्या, कारण तिथे थंडी होती, बर्फ नव्हता. कमी उंचीच्या अनेक गावांत आता दोन्हींची टंचाई आहे. दहा वर्षांपूर्वीच्या यादीतली त्यांची जागा आज कुणी गृहीत धरू नये.

इतकं सगळं सांगूनही कुणी माझा पहिला नंबर विचारेलच, तर अल्टा. बर्फाला मी निम्मा भारांक देतो, हॉटेलांना शून्य, आणि रात्री गाव लवकर झोपतं याचे वरून दोन गुण देतो. स्नोबोर्डवाले यावर भांडायला येतील, आणि त्यांच्या बाजूने त्यांचं अगदी बरोबर असेल.